कणगीमागचा हिरवा उजेड

दुष्काळात आमची धान्याची कणगी तळाला गेली ती पाऊस आला तरी रिकामीच होती. लातूर जिल्हा नवा झाला होता, तिथं कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती. वडील गवंड्याच्या हाताखाली तिकडं गेले. इस्लापूरकडच्या आमच्या गावात आई कुणी बोलावलं तर निंदायला जायची. मी नांदेडला बी.एस्सी. करत होतो. मॅट्रिकच्या पुढं आमच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं.

सुट्टीत घरी होतो तेव्हा आई रानातून ओटीभर सात्या घेऊन आली. वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला आमच्याकडं सात्या म्हणतात. रानातलं काही आलं की निम्मं शेजारी चुलतीला, हा रिवाज. तिचा वाटा पोचवून आईनं उरलेल्या आतल्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवल्या.

मी तिखट आणायला आत गेलो, तर कणगीमागं फिकट हिरवा उजेड. आधी वाटलं, उपाशी डोळ्यांचा खेळ असेल. एक उचलून दारात आणली. सातीचा देठ लांब, वारुळात खोल गेलेला असतो. हिचा देठ आखूड, बुडाला कुजक्या लाकडाचा भुगा. आईला विचारलं. वारूळ मोहाच्या कुजक्या बुंध्याला लागून होतं आणि तिनं बुंध्यावरच्याही खुडल्या होत्या.

चमकणारी प्रत्येक अळंबी विषारी नसते, अन् प्रत्येक विषारी चमकत नाही. पण कुजक्या लाकडावरच्या अशा काही विषारी असतात, हे सरांनी वर्गात बजावलं होतं. ही साती नव्हती, एवढं मला पुरे होतं.

चुलतीकडं धावलो. कालवण चुलीवर रटरटत होतं, तिची तिन्ही लेकरं ताटल्या घेऊन बसलेली. ह्यात विषारी मिसळल्या असतील, टाकून दे, म्हणालो.

"आगीवर इख मरतंय," ती म्हणाली.

"हे शिजून मरत न्हाई, काकी."

"दोन बुकं शिकलास अन् लेकरांच्या तोंडचं काढून राहिलास."

तिचं खोटं नव्हतं. लेकरांनी कालवण पाहून बरेच दिवस झाले होते. मी वाद घातला नाही. लेकरांना, कालवणाला हात लावू नका म्हणालो, तिला हाताला धरून आमच्या आतल्या खोलीत आणलं अन् दार लावलं.

"अंधारात काय दावतोस? मला तुझं तोंडबी दिसंना."

"त्याचं तोंड काय बघायचंय," आई म्हणाली, "खाली बघ."

डोळे सरावले तसा उजेड वर आला. चुलती खाली वाकली. मग हळूच म्हणाली, "देवाचं काही असंल का गं?"

"देव तर मामांनी कवाच नदीत सोडले. आता ह्याच्या पाया पडतीस व्हय?" आई म्हणाली. मामा म्हणजे दोघींचे सासरे, माझे आजोबा; बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्यांनी घरातले देव नदीत सोडले होते.

चुलती हसली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. तिनं जाऊन कालवण खड्ड्यात ओतलं, आईनं आमच्या उरलेल्याही त्यातच टाकल्या, अन् कोंबड्यांनी टोचू नये म्हणून चुलतीनं वर माती लोटली. त्या दिवशी दोन्ही घरांनी मिरचीच्या ठेच्याशी भाकर खाल्ली. कुणाला साधी उलटीही झाली नाही.

चुलतीची तिन्ही लेकरं धडधाकट वाढली. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट.