पाहुणचाराचे पौंड

इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधल्या सुप्रभाताई करंदीकरांच्या घरून आजवर कुणी पडलेल्या तोंडाने परत गेलेलं नाही. गॅसचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा शंकरपाळ्यांची पुडी खिशात घालूनच बाहेर पडतो. एका शाळेत त्या अठरा वर्षं डिनर लेडी, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या बाई होत्या. रडवेलं पोर रांगेत दिसलं की त्याच्या ताटलीत कस्टर्डचा दुसरा डाव पडायचा, आणि वर ‘आज कस्टर्ड उरलंय’ अशी थापही मिळायची. खरं बोलून कुणाचं भलं होत असेल तर सुप्रभाताईंची हरकत नाही. पण खोटं बोलून तेच काम लवकर होत असेल तर उगाच वेळ का घालवा, असं त्यांचं साधं मत होतं.

दोन हजार सहा साली त्यांच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. इंग्लंडातल्या घरांत झोपायची खोली वर आणि माणूस दिवसभर खाली, अशी सगळी मांडणी गुडघ्यांच्या भरवशावर केलेली असते. जानेवारीपासून सुप्रभाताई खाली सोफ्यावर झोपत होत्या आणि त्यांचे पती शशिधरराव, निवृत्त फार्मासिस्ट, वरच्या डबल बेडवर हातपाय पसरून. ‘बरंच झालं, घोरणं तरी ऐकू येत नाही,’ असं त्या सगळ्यांना सांगायच्या. खरं तर त्यांना त्या सोफ्याचा मनापासून तिटकारा आला होता. बत्तीस वर्षांच्या संसारात दिवसातलं शेवटचं वाक्य नवऱ्याला सुनावून झोपायची सवय. आता ते वाक्य जिन्याच्या तळाशी उभं राहून ओरडावं लागे, आणि वरून ‘काय?’ एवढंच उत्तर येई.

एप्रिलमध्ये सर्जनने गुडघा बघितला आणि वजन केलं. चौदा स्टोन सहा पौंड. चौदा पौंडांचा एक स्टोन. या देशात बटाटे किलोने मिळायला लागले तरी माणसं अजून स्टोनमध्येच मोजतात. सर्जन म्हणाला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा या. तेरा स्टोन भरलात तर गुडघा बदलायच्या यादीत नाव घालतो, नाही तर पुढच्या वर्षी बघू. म्हणजे वीस पौंड उतरवले तर वरच्या मजल्यावरचा आपला पलंग, नाही तर आणखी एक वर्ष सोफा.

एप्रिल, मे आणि जून हे तीन महिने ‘सोमवारपासून’ करण्यात गेले. जुलैत मात्र त्यांनी चहातली साखर सोडली, आठवड्यातून तीनदा पाण्यातल्या व्यायामाच्या क्लासला जायला लागल्या, आणि एकटीने उपाशी राहणं हा अन्याय आहे असं वाटून तिथल्या मराठी मंडळातल्या आणखी तिघींना बरोबर ओढलं. वोलटनची सुलक्षणा, डेंटिस्टची बायको, जिच्या घरामागे नवीकोरी कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली होती. अकाउंटंट नीना, जी बोलतानाही हात आखडता घ्यायची. आणि वरदा, तिशीतली, नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे वर्षापूर्वीच नॉटिंगहॅमला आलेली. बाळ दहा महिन्यांचं झालं तरी बाळंतपणातलं वजन तिच्या अंगावर ठाण मांडून बसलं होतं.

चौघींनी वजनाची भिशी काढली. दर शनिवारी एकीच्या घरी जमायचं, यजमानिणीच्या काट्यावर एकेकीने उभं राहायचं, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मग खायला बसायचं. भिशी म्हटल्यावर खाणं आलंच. काटा यजमानिणीचा, यात काही चुकतंय असं एकीलाही वाटलं नाही. दुसरीच्या घरी आपला काटा घेऊन जाणं म्हणजे दुसरीच्या घरी आपला डबा घेऊन जाण्यासारखं.

पहिला शनिवार सुप्रभाताईंचा होता. सकाळी काटा पुसताना त्यांना त्याच्या मागचं छोटं चाक दिसलं. ते फिरवलं की सुई शून्याच्या मागे सरकते. सुप्रभाताई त्या चाकाकडे बघत राहिल्या. तिघी बिचाऱ्या बसने येणार, मोठ्या आशेने उभ्या राहणार, आणि आपल्या घरात त्यांचा हिरमोड होणार? चाक फिरलं. सुई चार पौंड मागे गेली.

तिघी जणी अक्षरशः उडाल्या. घरचा काटा तर चार पौंड जास्त दाखवतो, म्हणजे या आठवड्यात उतरलंच की! त्या आनंदात मुगाची धिरडी दोनदा वाढून घेतली गेली. सगळ्यांत शेवटी सुप्रभाताई स्वतः काट्यावर चढल्या आणि आकडा बघून त्यांनाही आनंद झाला. चाक आपणच फिरवलं होतं हे त्या तेवढ्यापुरतं सोयीस्कर विसरल्या.

पुढच्या शनिवारी नीनाकडे चौघींचं वजन दोन-दोन पौंड वर. सुलक्षणा म्हणाली, पौर्णिमा जवळ आलीय, भरतीचा परिणाम. त्याच्या पुढच्या शनिवारी सुलक्षणाच्या कॉन्झर्व्हेटरीत सगळ्या एकदम पाच-पाच पौंड खाली. ‘सुलक्षणाचं घर लाभतं आपल्याला,’ असा निकाल लागला. चौथा शनिवार वरदाचा. तिने नवा डिजिटल काटा आणला होता. त्याला चाक नव्हतं, सुई नव्हती. नुसते लाल आकडे, आणि ते बघून चौघींचे चेहरे उतरले. पाच पौंड वर.

‘हा काटा कुठून आणलास गं?’ नीनाने नाक मुरडलं.

‘कालच घेतला. शॉपमध्ये म्हणाले, मोस्ट अ‍ॅक्युरेट आहे.’

‘तरीच,’ सुलक्षणा म्हणाली.

त्या दिवशी वरदाच्या पोह्यांना कुणी धड हात लावला नाही. निघताना ती सुप्रभाताईंना दारात म्हणाली, ‘काकू, मी सोडते हे. महिनाभर रात्री भात नाही खाल्ला मी. वजन वर जातंय, आणि आता सगळ्या माझ्यावर रागावल्या. काय उपयोग?’ तिचे डोळे भरले होते. ‘अजून थोडे दिवस थांब,’ म्हणत सुप्रभाताईंनी तिची समजूत घातली. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी का होईना, कुणीतरी रडत होतं, आणि यात आपल्या चाकाचा काहीतरी हात आहे असं त्यांना राहून राहून वाटत होतं. पण हिशेब जुळेना. आपण चार पौंड ढापले, मग नीनाकडे दोन वर, सुलक्षणाकडे पाच खाली, हे कसं?

उत्तर ऑगस्टमध्ये मिळालं. पुन्हा सुलक्षणाची पाळी होती, आणि शशिधररावांना क्रिकेट बघायचं असल्याने त्यांनी बायकोला अर्धा तास आधीच गाडीतून उतरवलं. सुप्रभाताई बागेच्या बाजूने कॉन्झर्व्हेटरीत शिरल्या. आत सुलक्षणा गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, काट्यामागचं चाक फिरवत होती.

‘सुलक्षणा!’

सुलक्षणा दचकून उठली. आधी लाल झाली, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘मग काय करू? घरी आलेल्या बायकांना तोंड पाडून पाठवू? आमच्याकडे नाही तशी पद्धत.’

सुप्रभाताई वेताच्या खुर्चीत कोसळल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘किती?’

‘सहा.’

‘सहा! मी मेली चारच केले.’

मग नीनाला फोन लावला. नीनाने आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाली, ‘दोनच केलेत. उगाच जास्त कशाला?’ दोघी पुन्हा फुटल्या. पौर्णिमा नाही, भरती नाही. जिचा जेवढा हात सैल तेवढं तिच्याकडे वजन कमी. एकट्या वरदाने कुणाला काही दिलं नव्हतं, म्हणून तीच वाईट ठरली होती.

हसता हसता सुप्रभाताई मधेच थांबल्या. म्हणजे आपलं खरं वजन आपल्याला माहीतच नाही. हॉस्पिटलातल्या काट्याशी आपली ओळख नाही, पाळख नाही; तो कशाला चार पौंड सोडेल? ऑक्टोबर तोंडावर आला होता. त्यांना खरोखरीची भीती वाटली.

त्यांनी तिथूनच हुकूम सोडले. नीनाने आपला काटा घेऊन यावा, वरदाने तिचा आणावा, शशिधररावांनी क्रिकेट सोडून घरचा काटा आणि तांदळाची न फोडलेली दहा किलोची पिशवी पोचवावी. तासाभरात कॉन्झर्व्हेटरीत चार काटे ओळीने मांडले गेले. दहा किलो म्हणजे बावीस पौंड, एवढं तर पिशवीलाही माहीत होतं. नीनाच्या काट्यावर ती वीस भरली. सुप्रभाताईंच्या काट्यावर अठरा. सुलक्षणाच्या काट्यावर सोळा.

‘बघा,’ सुप्रभाताई म्हणाल्या, ‘तांदूळसुद्धा बारीक झाला. आणि याला कुणी डाएट नाही सांगितलं.’

वरदाच्या काट्यावर लाल आकडे आले: बावीस.  तिला सगळा उलगडा व्हायला एक क्षण लागला, आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. ‘म्हणजे माझं वजन वाढलंच नव्हतं? काकू, तुम्ही तिघी किती चीटर आहात!’

‘चीटर नाही,’ सुलक्षणा म्हणाली, ‘हॉस्पिटॅलिटी.’

त्या दिवसापासून भिशी वरदाकडेच ठरली. शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, स्वयंपाकघरातल्या फरशीवर, कारण कार्पेटवर काटा काहीच्या बाही बोलतो हेही कळलं होतं. सुप्रभाताईंचा खरा आकडा निघाला तेरा स्टोन नऊ पौंड. तेराच्या अलीकडे अजून नऊ पौंड उभे होते. सुप्रभाताईंनी वरदासारखाच डिजिटल काटा घरी आणला.

आणि तिथे दुसरा घोळ सुरू झाला. खरा काटासुद्धा एक आकडा धरून बसेना. मंगळवारी पौंडभर कमी, बुधवारी दोन पौंड जास्त.

‘अहो, हाही खोटारडा निघाला!’ त्या जिन्याखालून ओरडल्या.

‘काल काय खाल्लंस?’ वरून प्रश्न आला.

‘काही नाही. सूप. आणि चार पापड. पापडात कसल्या आल्यात कॅलरी?’

शशिधरराव चक्क खाली आले. ‘सुप्रभा, दोन पौंड चरबी चढायला सात हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. चार पापडांत मीठ असतं. मीठ पाण्याला धरून बसतं. दोन दिवसांत सोडून देईल.’

नवऱ्याचं एकदम ऐकायची त्यांची पद्धत नव्हती. म्हणून त्या दिवशी त्यांनी काट्याची उलटतपासणीच घेतली. उठल्यावर चढल्या, चहानंतर चढल्या, जेवणाआधी, जेवणानंतर, बाथरूमला जाऊन आल्यावर, स्वेटर घालून आणि स्वेटर काढून. पाईंटभर पाणी प्यायल्या तर सव्वा पौंड वाढला. मग तेवढंच पाणी बाटलीत भरून हातात घेऊन उभ्या राहिल्या, तरी बाटली सोडून सव्वा पौंडच. पोटात असो की हातात, काट्याला फरक पडत नव्हता. संध्याकाळपर्यंत चार पौंड वर-खाली झाले, आणि सुप्रभाताई तर होत्या तशाच होत्या. पापडांचे दोन पौंड शुक्रवारी निमूट निघून गेले. 

त्यांनी वरदाला फोन करून सांगितलं, ‘रोजच्या आकड्याचं काही मनावर घेऊ नकोस. तो काल काय खाल्लं-प्यायलं तेवढंच सांगतो. महिन्याच्या महिन्याला कुठे चाललोय ते बघ.’ वरदा म्हणाली, ‘काकू, पाळीच्या आधी माझे तीन पौंड वाढतात, आणि मी दर महिन्याला रडते.’ ‘आता रडू नकोस,’ सुप्रभाताई म्हणाल्या, ‘तेही पाणीच.’

असं करत करत ऑक्टोबर आला. आठवडा सरकत होता तसा आकडाही खाली सरकत होता, कधी फुगत, कधी रुसत. हॉस्पिटलची वेळ नेमकी दुपारची मिळाली. थंडीचे दिवस, म्हणून अंगात जाड कार्डिगन. बाहेर जायचं म्हणून हातात पाटल्या. आणि धीर हवा म्हणून जेवणानंतर दोन कप चहा आणि गाडीत बाटलीभर पाणी. नर्स गोरी, गोल चेहऱ्याची आणि अगदी सुप्रभाताईंच्याच जातकुळीतली निघाली. नॉटिंगहॅमला लोक प्रेमाने कुणालाही ‘माझं बदक’ म्हणतात आणि ‘माय’चा उच्चार ‘मी’ करतात, तशी ती ‘कम ऑन, मी डक’ म्हणत त्यांना काट्यापाशी घेऊन गेली.

तेरा स्टोन दोन पौंड.

सुप्रभाताईंचा चेहरा पडला. नर्सने तो बघितला आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘काळजी करू नका हं. कपड्यांचे म्हणून दोन पौंड मी कमी करून टाकते. तेरा लिहिते.’ तिने पेन उचललं.

 सुप्रभाताईंना एकदम तिला मिठी मारावीशी वाटली. आयुष्यभर कस्टर्डचा दुसरा डाव त्या स्वतः वाढत आल्या होत्या, आणि आज तो त्यांच्या ताटलीत पडत होता. हो म्हटलं की वरच्या पलंगाचा रस्ता मोकळा. पण मग हे वीस पौंड नक्की उतरवले कुणी, आपण की या भल्या बाईने, हा प्रश्न त्या पलंगावरही झोपू देणार नव्हता.

‘नो, थँक यू,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही नका कमी करू. मी करून येते. टॉयलेट कुठे आहे?’

दहा मिनिटांनी त्या परत आल्या. कार्डिगन हातावर, पाटल्या पर्समध्ये, चेहऱ्यावर अपार शांतता. पर्स आणि कार्डिगन नर्सच्या हातात देऊन त्या काट्यावर चढल्या. आकडा जरा घुटमळला आणि थांबला. नर्स हसली, तिने तो होता तसा लिहिला, आणि पानावर शिक्का मारत म्हणाली की नाव आजच यादीत जाईल.

बाहेर शशिधरराव गाडीच्या किल्ल्या वाजवत उभे होते. ‘किती?’

‘तेरा,’ सुप्रभाताई म्हणाल्या. ‘आणि सगळेच्या सगळे माझे.’