छातीच्या उंचीचा ओटा

डोक्यावर मोळी घेऊन आलेल्या बाईशी भाव करायच्या दोन रीती होत्या. एक, तिला मोळीसकट उभी ठेवायची आणि आपण बोलत राहायचं. लाकूड ओलं आहे, बारीक आहे, काल याहून स्वस्त मिळालं, असं काहीही. थोड्या वेळानं तिची मान आखडते आणि ती आपणच भाव उतरवते. दुसरी रीत म्हणजे "आधी खाली टाक, लाकूड बघू दे" म्हणायचं. मोळी जमिनीवर आली की सौदा संपला. पाऊण मणाची मोळी एकट्या बाईला परत डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्यानं एक बाजू धरून वर द्यावी लागते. तिथं दुसरा मीच असायचो, आणि मी हात लावायचो नाही.

दुसरी रीत मला जास्त आवडायची. ती मला कुणी शिकवली नव्हती, माझी मीच काढली होती, आणि बरीच वर्षं मला तिचा अभिमान होता. तो कसा गेला ते आता लिहितो. याआधी हे कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

आमचं गाव अंबरनाथच्या अंगाला. लढाईच्या दिवसांत आमची भाताची खाचरं छावणीसाठी गेली. एक कागद आला, त्यावर "सार्वजनिक कामासाठी" असं लिहिलं होतं. बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून चौथी शिकलेल्या मी तो वाचून दाखवला. लढाई संपली की जमीन परत मिळेल, असं तोंडी सांगितलं होतं. लढाई संपली, गोरे सोजीर गेले आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून माणसं आली. जिथं आमचं भात उभं राहायचं तिथं त्यांच्या चुली पेटल्या. बाप दर वर्षी मला अर्ज लिहायला लावायचा. मी लिहायचो, तो अंगठा उठवायचा. एकाही अर्जाचं उत्तर आलं नाही. बाप गेल्यावर मी माझ्या सहीनं अर्ज करत राहिलो.

तेव्हा माझ्या डोक्यात कायम राग असायचा. ज्यांनी जमीन घेतली ते समोर नव्हते, म्हणून समोर येईल त्याच्यावर तो निघायचा. पण राग माणसाला बसू देत नाही, हेही खरं. त्याच छावणीतल्या कॅम्प पाचच्या नाक्यावर चार बांबू रोवून मी लाकडाची वखार टाकली. हजारो चुली आणि सगळ्यांना लाकूड हवं. बदलापूर, बारवीकडच्या डोंगरांतल्या ठाकर बाया पहाटे निघायच्या आणि ऊन तापायच्या सुमाराला नाक्यावर पोचायच्या. घोळक्यानं यायच्या, पण नाक्यावर पांगायच्या. बरोबरीची बाई जवळ असली तरी तिच्या डोक्यावर तिची मोळी, ती वाकून दुसरीला हात कशी लावणार? आणि न विकलेलं लाकूड कुणी परत डोंगरावर नेत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं.

आमच्या घरची शिकवण नेमकी उलटी होती. वाटेत कुणी "हात लावा" म्हटलं की थांबायचं, मग तुम्ही मयताला का निघालेले असेना. आई म्हणायची, ओझ्याला हात लावत नाही त्याच्या हातचं पाणी पितरांना पोचत नाही. मी तिला म्हणायचो, "आई, ते गावात. इथं बाजार आहे." पुढं तिनं बोलणं सोडलं.

नेहमी येणाऱ्यांत एक ठाकरीण होती. वय माझ्याएवढंच असेल. कपाळावर गोंदण आणि जीभ कोयत्यासारखी. ती मला म्हणायची, "शेट, मोळी भुईला टेकली का तुझी जीभबी बदलते."

"मग टेकवू नकोस."

"न टेकवून करू काय? तू तर मोळीसंगं मानबी विकत घेशील."

बाया हसायच्या, मीही हसायचो. मग ती मी सांगेन त्या भावाला मोळी देऊन जायची.

माझ्या वखारीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, बराकीच्या टोकाला एक सिंधी म्हातारी राहायची. सगळे तिला अम्मा म्हणत. पापड लाटून विकायची. पहाटे उठून झूलेलालचा, त्यांच्या देवाचा, दिवा लावायची आणि मग दारात पाट घेऊन बसायची ती दुपारपर्यंत. तिथून तिला माझी वखार दिसायची. दोन वर्षं ती काही बोलली नाही. मग एके दिवशी तिनं गवंडी बोलावला, मोडक्या बराकीच्या जोत्याचे दगड गोळा केले आणि रस्त्याकडेच्या चिंचेखाली एक ओटा बांधायला घेतला. बसायचा ओटा नव्हता तो. माणसाच्या छातीएवढा उंच होता, आणि लांबीला एका मोळीएवढा.

तो कशासाठी ते पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ठाकरीण आली, ओट्याला छाती टेकवली आणि डोक्यावरची मोळी अलगद त्यावर सरकवली. अम्माच्या माठातलं पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं. मग रिकाम्या डोक्यानं चालत माझ्याकडे आली.

"बोल शेट. लाकूड तिकडं हाय, बघून घे."

मी माझा भाव सांगितला. ती हसली, परत गेली, डोक्यावर चुंबळ ठेवली, गुडघे थोडे वाकवून मोळीखाली शिरली आणि उभी राहिली. कुणाचा हात लागला नाही. मोळी घेऊन ती पुढच्या वखारीत गेली.

पंधरा दिवसांत सगळ्या बाया ओट्यावर थांबायला लागल्या. इतर वखारवाले मला म्हणायचे, "म्हातारीनं दगड मारला रे तुला, आणि तोही न फेकता." मी भडकलो आणि तरातरा रस्ता ओलांडून गेलो.

"अम्मा, हे कुणाला विचारून बांधलंत?"

"किसी को नहीं, पुट." पुट म्हणजे मुलगा, ती सगळ्यांनाच म्हणायची. "बस, पाणी पी."

"रस्ता तुमचा आहे का?"

"रस्ता किसका होता है?" लाटणं थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्या हिंदी-मराठीत सांगितलं, "कराचीच्या बंदरावर माझा माणूस पेटी डोक्यावर घेऊन दिवसभर उभा होता. मी म्हटलं, नीचे रख दो. तो म्हणाला, ठेवली तर परत कोण उचलून देणार? आजूबाजूला हजार माणसं होती. त्याची मान मग कधी सरळ झाली नाही."

माझ्या मनात होतं, पेटी तरी आणता आली ना, आम्हाला खाचर उचलून नेता आलं नाही.

त्याच सुमाराला कचेरीची माणसं रस्त्यावरची अतिक्रमणं काढणार अशी कुणकुण लागली. शेजारपाजारचे अम्माकडे जमले. मी वखारीतून ऐकत होतो. एक जण म्हणाला, ओट्यावर शेंदूर लावलेला दगड ठेव. दुसऱ्यानं सुचवलं, झूलेलालची तसबीर ठेव, दिवा लाव, मग कुणाची पहार चालणार नाही. सगळ्यांना ते पटलं. तिथं देव बसला असता तर माझाही हात चालला नसता, इतपत मी देवाला भीत होतो.

अम्मा म्हणाली, "देव ठेवला तर बाया ओझं कुठे ठेवतील? पाया पडतील आणि उभ्याउभ्याच पुढे जातील."

"अम्मा, मग ओटा जाईल."

"जाईल तर जाईल. देव घरात आहे. बाहेर ओटा पाहिजे."

देवावर इतका विश्वास असलेल्या बाईनं त्याला ओट्यासाठी राबवायला नकार दिला. आज मला ते समजतं. त्या दिवशी मला फक्त वाट मोकळी झाल्याचा आनंद झाला. दुपारी गिऱ्हाईक नसताना वखारीतच बसून मी ओट्याविरुद्ध कचेरीला अर्ज लिहिला. बापाच्या कागदांवरून सरकारी भाषा मला पाठ झाली होती. "रहदारीस अडथळा" लिहिलं, "सार्वजनिक हिताच्या दृष्टीने" लिहिलं. खाली सही केली नाही, "एक रहिवासी" एवढंच लिहिलं.

जमिनीसाठी मी अन् बापानं मिळून किती अर्ज केले असतील, सगळे नावानिशी, अंगठ्यानिशी. त्यांतल्या एकालाही उत्तर नाही. हा बिननावाचा अर्ज मात्र आठ दिवसांत मंजूर झाला.

पहारी घेऊन दोन मजूर आले. अम्मानं त्यांनाही पाणी दिलं. ओटा चुन्यात बांधलेला नव्हता, अर्ध्या तासात सुटला. दगड त्यांनी गाडीत भरले. मी वखारीत लाकडं रचत होतो आणि एकच ओळ तीनदा रचली.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चिंचेखाली, ओटा होता त्याच जागी, अम्मा उभी. साठीच्या पुढची बाई, पदर खोचलेला. बाया आल्या, मोळ्या खाली टाकल्या. भाव पटला नाही की अम्मा जायची, एक बाजू धरायची आणि मोळी डोक्यावर चढवून द्यायची. रोज. तिचे पापड दुपारवर गेले.

एकदा ठाकरणीची मोळी फार जड होती. अम्माच्यानं उचलेना. तिनं मला हाक मारली, "पुट, एक बाजू तू धर."

मी चार पावलांवर होतो. म्हणालो, "आधी सौदा होऊ दे."

एरवी ठाकरणीनं मला सोलून काढलं असतं. त्या दिवशी तिनं मोळी सोडली, थोडी लाकडं बाजूला काढली आणि उरलेली अम्माच्या मदतीनं उचलून निघून गेली. काढलेली लाकडं तिथंच पडली होती. संध्याकाळी मी ती उचलून वखारीत टाकली. हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो आहे तर हेही लिहितो.

तो उन्हाळा संपायच्या आत अम्मा पडली. पाठ धरली आणि उठता येईना. मी दोन दिवस काढले, मग साखरेचा पुडा घेऊन गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. लोक काय म्हणतील, हेही त्यात होतं.

ती गोधडीवर आडवी होती. कोनाड्यात दिवा होता. मला बघून तिनं पहिलं विचारलं, "बायांना हात कोण लावतं?"

कुणीच लावत नव्हतं. माझा भाव पुन्हा पूर्वीसारखा झाला होता.

"मी लावतो," मी म्हणालो.

तिनं हात वर केला. मी खाली वाकलो, कारण न वाकणं शक्य नव्हतं, आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झूलेलाल बेडा पार करेगा, पुट." तिला खरंच वाटलं. बाजारात मी हजार वेळा खोटं बोललो असेन, पण समोरचाही तयारीत असायचा. इथं समोर तयारीत कुणी नव्हतं.

अर्जाचं तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. मी साखरेचा पुडा ठेवला आणि बाहेर पडलो.

नंतरचे चार दिवस मी ठरवत होतो की उद्यापासून हात लावू. रोज सकाळी मोळी खाली पडायची, आणि माझं तोंड आपोआप भाव पाडायचं.

पाचव्या दिवशी ठाकरीण उशिरा आली. ती आधी अम्माकडे गेली होती. येताना तिच्यासाठी रानातला कसला पाला आणला होता, पाठीला बांधायला. मोळी तिनं बराकीच्या दारातच टाकली होती. ती रिकाम्या हातांनी वखारीसमोर येऊन उभी राहिली.

"म्हातारीनं मना इचारलं," ती म्हणाली. "शेट हात लावतो ना, म्हून."

मी काटा पुसत होतो. पुसतच राहिलो.

"मी हो म्हनले."

"का?"

"तिला झोप लागत न्हाय. तू लावतोस असं समजून जराशी लागते, म्हनाली." मग ती नेहमीच्या आवाजात बोलली. "मी तुझ्यापायी खोटी बोलले, शेट. देवाच्या दिव्यासमोर. आता ते खोटं किती दिस ठेवायचं ते तू बघ. माझी मोळी तिच्या दारात हाय."

एवढी वर्षं बाजारात काढली, पण मला बोलायला जागाच नाही असा सौदा माझ्याशी कुणी केला नव्हता. ना भाव सांगितला होता, ना काही मागितलं होतं. मी काटा ठेवला आणि तिच्यामागं गेलो.

दार उघडंच होतं. आत अम्मा कुशीवर पडून बघत होती. ठाकरणीनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वाकली. मी एक बाजू धरली. मोळ्या मी तोपर्यंत फक्त ओढल्या होत्या, लोटल्या होत्या, ढिगावर फेकल्या होत्या. माणसाच्या डोक्याइतक्या वर कधी नेली नव्हती. कमरेपर्यंत आली आणि तिथंच अडली.

"वर," ठाकरीण दातांतून म्हणाली. "अजून वर. म्हातारी बघते."