अक्काचा कानांनी खेळायचा खेळ

धुळ्याच्या अंधशाळेत मी मुलांना तबल्याचे बोल शिकवत होतो, तेव्हा जळगावहून आबांचा फोन आला. त्यांची धाकटी बहीण, माझी मावसबहीण सुमनअक्का, पहाटे झोपेतच गेली होती. त्रास झाला नाही हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं... रडू नंतर आलं.

अक्का जळगावातच, पिंप्राळ्याला, घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करायची. बाई रेडिओ खोलते हे बघायला सुरुवातीला लोक थांबत. पुढे रेडिओ द्यायलाच थांबू लागले. आबा तिच्याकडेच राहत. दीपनगरच्या वीजकेंद्रातून ते निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची दृष्टी गेली. पत्ते सुटले, बुद्धिबळ सुटलं. दिवसभर पलंगावर बसून शर्टाचं बटण चाळवत राहायचे. अक्काने त्यांच्यासाठी तळहातात मावेल असा एक डबा केला. चार बटणं, चार सूर. डबा आधी एक सूर वाजवी, मग दोन, मग तीन. त्याच क्रमाने बटणं दाबायची. पहिल्याच दिवशी आबांचं ताट थंड झालं, तरी त्यांनी डबा खाली ठेवला नाही.

तसे काही डबे तिने माझ्या शाळेलाही करून दिले. एका व्यापाऱ्याने दोंडाईच्याला आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी त्यातला एक पाहिला आणि सांगितलं, सुरांच्या जागी रंगीत दिवे लावा, दुकानादुकानांत खपेल. अक्का कचरत होती, मीच तिला भरीला घातलं. आणि खेळ खरंच खपला. यात्रेत, एसटी स्टँडवर, पोरांच्या हातात लुकलुकणारे डबे दिसू लागले. घरात खोक्यांमुळे आबांना ठेचा लागत. शाळेतून दुरुस्तीला आलेले डबे तसेच पडून राहिले, आबांचाही त्यांतच. एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, "सुमन, तुना खेळ आते माले दिसस नही."

व्यापाऱ्याने दुप्पट माल मागितला तेव्हा अक्काने नकार कळवला. मी तावातावाने धुळ्याहून गेलो. एवढा चाललेला धंदा कुणी सोडतं का, असं बरंच बोललो. ती भिंतीला टेकून चहा पीत होती, आणि कित्येक महिन्यांनी तिचे खांदे सैल दिसत होते.

"चालना म्हनीसन तं माले समजनं, भाऊ," ती म्हणाली, "हाऊ खेळ कोनासाठे शे ते. मी सुटनू." खेळ चालला, म्हणूनच तो कोणासाठी आहे ते तिला कळलं होतं.

त्या कमाईतून तिने सुटे भाग भरून ठेवले आणि पुढे अखेरपर्यंत फक्त सुरांचेच डबे केले. थोडे, पण मागेल त्याला. वर्षभरात बाजारात पडद्याचे परदेशी खेळ आले, दिव्यांचे डबे कुणाला आठवेनासे झाले. अक्काला त्याचं काहीच वाटलं नाही.

ती गेल्यावर मला एकच घोर लागला होता, आता शाळेतले डबे बिघडले तर? गेल्या आठवड्यात एक बंद पडलाच. धुळ्यातल्या एका रेडिओवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं, तर आतून अक्काच्या अक्षरातला कागद चिकटवलेला. सगळ्या जोडण्यांचा नकाशा, आणि खाली, 'इथली तार सुटते. घाबरू नका, कथलाचा डाग द्या.' नंतर शाळेत येऊन मी बाकीचेही उघडून पाहिले, प्रत्येकात तो कागद होता.

त्या दिवशी दुकानात रेडिओवाल्याने डाग देऊन तार जोडली, सूर वाजले. झाकण लावण्याआधी मात्र तो थांबला, वही काढली आणि तो नकाशा सावकाश उतरवून घेऊ लागला. मी स्टुलावर बसून राहिलो. मला कसलीच घाई नव्हती.