संस्थापकांच्या पेनाची निब

"ते दाताचे निशाण घासून टाक, पोरी. एकदम चकाचक पाहिजे."

अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवला आणि न विचारता खुर्ची ओढली. त्यांच्या शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सव होता. संस्थापकांचा पेन काचेच्या पेटीत ठेवायचा आणि मंत्र्यांच्या हस्ते पडदा सारायचा, असा बेत. सोबत शाळेचे निवृत्त शिपाई देवाजीभाऊ उभेच होते. त्यांना खुर्ची मी दिली.

भद्रावतीत माझं वर्कशॉप आहे. आयटीआयला टर्नर ट्रेड केला. आता जुन्या शाईपेनांचे बाजारात न मिळणारे पार्ट लेथवर बनवते.

हा पेन एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. सेक्शन तडकलं होतं. सेक्शन म्हणजे आपण बोटांनी धरतो तो भाग. निब त्यातच बसते. असे पेन हातानं घडवलेले, त्यामुळे एकाचे आटे दुसऱ्याला लागत नाहीत. नवं सेक्शन त्या एकाच पेनासाठी कापावं लागतं. त्याआधी निब भिंगाखाली बघायची असते.

बघितली. टोक एका बाजूनं तिरकं झिजलं होतं. वर्षानुवर्षं एकच माणूस लिहीत राहिला की निब त्याच्या हाताप्रमाणे झिजते. हा हात डावा होता.

"संस्थापक डावखुरे होते का?"

"नाई. ऑफिसात फोटो हाय ना, उजव्या हातात पेन. काऊन?"

"मग हा पेन त्यांचा नाही."

देवाजीभाऊ हळूच बोलले, "डाव्या हातानं तं मेश्राम बाबू लिहत होते. पेन चावाची खोडच होती त्याहिले. आमी चिडवो, बाबू, घरी जेवाले भेटत नाई का?"

अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली.

मेश्राम बाबू शाळेचे क्लार्क. शाळेच्या मान्यतेचा प्रत्येक अर्ज, प्रत्येक स्मरणपत्र त्यांनी लिहिलं. संस्थापक सही करत. देवाजीभाऊ ते कागद घेऊन एसटीनं चंद्रपूरला जात.

"पेटीवरच्या पाटीत मेश्राम बाबूंचं नाव घाला," मी म्हटलं. "सेक्शन करून देते. दाताच्या खुणा मात्र घासणार नाही."

"क्लार्कचा पेन पाहाले मंत्री येते काय? तू पार्ट बनव. इतिहास आमी पाहू."

हे असे इतिहास पाहणारे मी लहानपणापासून पाहते आहे. माझे वडील कामगारांची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. मजकूर वडिलांचा, खाली 'आपला नम्र' म्हणून नाव पुढाऱ्याचं. तो नम्र आमच्या घरी चहालाही कधी आला नाही.

"मग पेन घेऊन जा," मी म्हटलं.

कार्यक्रम झाल्यावर देवाजीभाऊ एकटे आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून पेन. अध्यक्षांनी ऑनलाइन नवा सोनेरी पेन मागवून पेटीत ठेवला होता. पाटी संस्थापकांच्या नावाची. मंत्र्यांनी त्या सोनेरी पेनाला हात जोडले. इतरांनीही जोडले.

"जुना भंगारात टाकत होते. म्हटलं, नेऊ का साहेब? म्हणे, ने, कचराच हाय. बाबूची पोरगी कोरपन्याले मास्तरीण हाय, ताई. तिले द्याचा हाय. लिहता झाला पाहिजे."

पहिली दोन सेक्शन वाया गेली. आटे सैल झाले. तिसरं बसलं. शाई भरून पेन उलटा धरला. थेंब गळला नाही.

बाबूंची मुलगी, मेश्रामबाई, स्वतः न्यायला आल्या. दाताच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग उजव्या हातानं नाव लिहून पाहिलं. निब कागद खरवडत गेली.

"टोक घासून तुमच्या हाताला लावून देते. पाच मिनिटांचं काम."

"नको," त्या हसल्या. "बाबा मले हा पेन धरूच देत नव्हते. म्हणे, दुसऱ्याच्या हातानं निब बिघडते."

तेव्हापासून काचेच्या पेटीत कुणा थोरांचा पेन दिसला की मी पाटी वाचत नाही, वाकून निब बघते. संस्थेतला सोनेरी पेनही बघून आले. त्याच्या निबेला अजून शाईसुद्धा लागलेली नाही.