आतोबांचा आग्रह

आमच्या आतोबांइतका आग्रही वाढप्या अमडापुरात झाला नाही आणि होणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, कापसाचे व्यापारी. लग्न कुणाचंही असो, हे बुंदीचं ताट घेऊन हजर. पानावर कुणी आडवा हात धरला तर हातावरच वाढत. "काऊन बे, मेल्यावर खाशीन काय?" असा वर दम. एका लठ्ठ पाटलाला त्यांनी इतकं वाढलं, की त्याला बैलगाडीत आडवा घालून घरी न्यावं लागलं. स्वतः मात्र पंगतीला कधी बसत नसत. लोक म्हणत, काय ही वाढायची हौस!

हौस कसली डोंबलाची! मी तेव्हा त्यांच्याच घरी राहून मास्तरकी करत होतो, म्हणून मला ठाऊक. आतड्याला पीळ पडून आतोबा मरायला टेकले होते. वऱ्हाडचं सरकार त्या काळी नागपुरात, मोठा दवाखानाही नागपुरातच. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून जीव वाचवला आणि आतड्याचं तोंड डाव्या कुशीला बाहेर काढून ठेवलं. तेव्हापासून शौच तिथूनच होई, आणि ते कधी होईल हे आतोबांच्या हातात नव्हतं. पंगतीत बसलेल्याला सगळ्यांचं होईपर्यंत उठता येत नाही. वाढप्याला मात्र "वरण आनतो" म्हणून केव्हाही सटकता येतं.

कुशीवर ते कापसाची गादी बांधत, वरून जुन्या लुगड्याचा पट्टा. कापूस चिमटीत ओढून पाहत आणि एखादा मऊ लागला की आत्याला बजावत, "हा इकाचा नाही, हा माह्या पोटाचा." तरीही कातडी सोलवटून निघे. आत्या तूप लावायची तेव्हा हा गडगडाटी माणूस उशी चावून पडलेला असे. वासावर उपाय म्हणजे हिन्याचं अत्तर. आतोबा यायच्या आधी अत्तर यायचं! पन्नाशीतला माणूस असा घमघमतो म्हटल्यावर गावानं त्यांना खामगावात एक बाई जोडून दिली. आत्या संतापली. आतोबा म्हणाले, "बोलू दे वं. बाई ठेवली म्हनतीन तं पोरीचं लगन होईन. हे समजलं तं कोनी उंबऱ्यात येनार नाही."

पोरीचं लग्न ठरलं. पोट गप्प राहावं म्हणून आतोबांनी आदल्या दिवसापासून अन्न सोडलं. अक्षता पडल्या, मला हायसं वाटलं. पण पंगतीत व्याही अडून बसले, "तुमी बाजूले बसल्याबिगर मी घास घेत नाही." व्याह्यानं अडायचं आणि मुलीच्या बापानं शेजारी बसायचं, ही रीतच होती. ती कशी मोडणार? आतोबा बसले. बुंदीचा एक घास तोंडात टाकला. उपाशी माणूस हो, राहवेना, जेवतच गेला. आणि कुशीतून आवाज झाला. मग वास आला. हिना कुठवर पुरणार?

व्याह्यांनी ओला पट्टा पाहिला आणि पान सारून ते उठले. "पोरगी नेतो. पन आता ह्या घराचं पानी नाही, आन तिलेबी इकडं धाडनार नाही." त्यांच्यामागे अख्खी पंगत उठली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, पण आतोबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

मांडवात उरलेल्या पानांमध्ये ते एकटेच बसले होते. आत्या बाहेर आली. "पट्टा बदलून या, हात धुवा. उपाशी निजाचं नाही." ते येईपर्यंत तिनं दोन पानं शेजारी-शेजारी मांडली आणि पुरुषांच्या त्या पंगतीत, कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांदेखत, एका पानावर जाऊन बसली. आतोबा पट्टा बदलून आले. मग त्यांनी बुंदीचं ताट उचललं. आत्यानं आडवा हात धरला. त्यांनी हातावरच वाढलं.

मुलगी पुन्हा माहेरी आली नाही. आतोबांनीही त्यानंतर कुणाच्या लग्नात ताट हाती घेतलं नाही. घरी मात्र ती दोघं एकाच पंगतीला बसत, आणि आतोबा आत्याला आग्रह करकरून वाढत.