शिंगांच्या रंगाची सायकल

बारामतीच्या स्टँडवरून पुण्याची एसटी सुटली, तेव्हा खाली उभ्या माझ्या वडिलांना, तात्यांना, आपले हात कुठं ठेवावेत हेच कळत नव्हतं. एकदा त्यांनी ते मागं बांधले, एकदा धोतराला पुसले आणि शेवटी नुसतेच सोडून दिले. हातात सायकलीचं हँडल नसलेले तात्या मी तरी बाजारात कधी पाहिले नव्हते. तासाभरापूर्वीच आम्ही ती विकली होती. गाडी वळली आणि मी खिडकीकडं तोंड करून रडलो.

गावी, कळसला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पत्र्याची ट्रंक उचलून बाहेर पडलेल्यांनो, त्या सायकलीची किंमत कशी झाली ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय.

पुण्याच्या एका कारखान्यात मला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. ऐंशी रुपये अनामत भरायची होती, तीही सोमवारच्या आत, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. विकण्याजोग्या घरात दोनच गोष्टी, बैलजोडी आणि सायकल. तात्यांनी सायकल काढली. कालव्यावरच्या पाटकऱ्याकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती. कॅरिअरवर वांग्यांची पोती बांधून ते तिच्यावरून बारामतीच्या मंडईला जायचे.

आदल्या दिवशी तात्यांनी सायकलीला आंघोळ घातली. खरंच घातली, काथ्यानं घासून. मग पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लालभडक रंग दांडीला आणि मडगार्डांना फासला. बाजाराला न्यायचं ते सजवून न्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी शहाणा, मॅट्रिक झालेला, पण मीही ब्रश धरला. फार देखणी दिसते असं आम्हा दोघांनाही वाटलं.

जुन्या सायकलीची किंमत काढावी तर बापूराव मिस्त्रींनी, असं तेव्हा बारामतीत म्हणायचे. त्यांनी सायकल लांबूनच पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“पाव्हणं, रंग का दिला वो? रंग बघितला की गिऱ्हाईक म्हणतंय, खाली जोड मारलेला हाय. आता साठाच्या वर कुणी देत न्हाय.”

म्हणजे अनामतीला वीस रुपये कमी. तात्या मात्र शांतपणे म्हणाले, “झाकाय न्हाय दिला, मिस्त्री. घरातनं जायाला निघालं की नटवूनच धाडत्यात.” माझ्या अंगात त्या दिवशी कोरा शर्ट होता.

बापूराव उठून दुकानात गेले. रॉकेलचा डबा आणि चिंध्या त्यांनी आमच्यापुढं ठेवल्या. आम्ही दोघं घासत बसलो. लाल रंग निघाला आणि खालचं लोखंड उघडं पडलं, पोच्यांसकट, ओरखड्यांसकट. मग बापूरावांनी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि डोळे मिटून कान लावला. अंगठ्याचं नख एकेका जोडावरून फिरवलं. आणि ते बोलायला लागले, तेव्हा मी जो थक्क झालो तो आजही थक्कच आहे.

“दांडीवर हितं घासलंय. बारकं पोर बसवत व्हता, चार-पाच वर्सं तरी.”

ते पोर म्हणजे मी. जळोचीच्या मामाकडं जाताना मी तिथंच बसायचो.

“उजवं पायडल पार गुळगुळीत झालंय आन् डावं कोरं हाय. पाव्हणं, डावा गुडघा दुखतोय जणू. लई वर्सं झाली, व्हय का न्हाय?”

मी तात्यांकडं पाहिलं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही. ज्या माणसानं आम्हाला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्यानं ते लोखंडावरून वाचलं होतं.

“तुमी सायकलीचं बोला, मिस्त्री,” तात्या म्हणाले.

“सायकलीत खोट न्हाय. ऐंशी घ्या.”

आता मी इन्स्पेक्शन खात्यात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर, इंचाचा हजारावा भाग चुकला तर जॉब, म्हणजे तो घडवलेला तुकडा, रिजेक्ट. सुपरवायझर माझ्या नजरेचं कौतुक करतात. मला मनातल्या मनात हसू येतं, कारण खरी नजर कशाला म्हणतात ते मी एका नखात पाहिलंय. आणि लाजही वाटते, की इतकी वर्षं एका ताटात जेवून मला जे दिसलं नाही ते एका परक्याला दिसलं.

गेल्या दिवाळीला घरी आलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तात्या वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बारामतीला निघाले होते, पायी, डावा पाय जरा ओढत. मला राहवलं नाही. म्हटलं, “तात्या, त्या वेळी बैल का नाही विकलेत? हे चालणं तरी चुकलं असतं.”

“बैल इकलं असतं तर रानात तुलाच जुंपाय लागलं असतं,” ते म्हणाले. “सायकल इकली, तर नुसतं मलाच चालाय लागतंय.”

एवढं बोलून ते वाटेला लागले.

तुम्ही पत्रातून विचारता, पुण्यात घर झालं का तुझं? खोली झाली आहे, चांगली आहे, नळ आतच आहे. पण मला माघारी यावं लागू नये म्हणून जिथं एक माणूस दुखऱ्या गुडघ्यानं चालतो, घर ते आहे. म्हणून तर दोन दिवसांची रजा मिळाली तरी मी पहिली एसटी धरतो.