रोहिणीताई आणि घासलेला तांब्या

आमच्या शेजारच्या रोहिणीताई चित्रं काढतात, पण त्यात माणसं नसतात, देव नसतात, डोंगरही नसतात. असतात त्या फक्त वस्तू, आणि त्याही वापरातल्या. टवका उडालेली बशी, कडेला जळालेलं फडकं, मूठ झिजलेला विळा. झरीच्या शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून ओसरीत पेस्टलचे खडू घेऊन बसतात. खडू कागदावर टेकवायचा आणि रंग बोटानं पसरायचा, असं त्यांचं काम. त्यामुळे त्यांची बोटं कायम कुठल्या तरी रंगाची असतात.

त्यांचे वडील आश्रुबा येलदरीच्या धरणावर मजूर होते. हॉटेलात त्यांच्यासाठी कप वेगळा ठेवलेला असे. तो कप ते कधी हातात घेत नसत. स्वतःचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला पिशवीतून काढत आणि त्यात चहा ओतायला सांगत. ताईंनी पहिलं चित्र काढलं ते त्या पोचे पडलेल्या पेल्याचं. पुढे ड्रॉइंगच्या परीक्षेत समोर नवी कोरी भांडी मांडली होती. "यातून कोण पाणी प्यालंय तेच दिसंना," असं त्या अजून हसत सांगतात. त्या परीक्षेत त्यांना सी ग्रेड मिळाली होती.

आमचे हे, म्हणजे दिनकरराव, गेले त्यानंतर मी त्यांचा पितळी तांब्या आणि अडकित्ता कपाटात ठेवून दिला होता. तांब्या काळवंडला होता, पण गळ्याशी जिथे ते धरत, तेवढा भाग चकचकीत होता. फोटो भिंतीवर आहेच. मला मात्र तांब्याचा तो गळा कागदावर हवा होता, कारण फोटोत ते कुणाचेही साहेब दिसतात, तांब्याला धरणारा हात माझ्या घरातला होता. मी ताईंना विचारलं. त्यांनी लगेच होकार दिला.

ज्या सकाळी त्या यायच्या होत्या, त्या सकाळी मी वस्तू काढून ओट्यावर ठेवल्या आणि अंघोळीला गेले. बाहेर आले तर मालनबाई, आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या, चिंच आणि राख घेऊन बसलेल्या. तांब्या सोन्यासारखा झाला होता. अडकित्त्यावरचा सुपारीचा तांबूस थरही गेला होता.

"साहेबांचं चित्र काढायलेत न्हाई का," त्या म्हणाल्या. "मळकं कसं दाखवायचं चार लोकांत?"

त्यांनी प्रेमानं केलं होतं, आणि गळ्याची ती वेगळी चमक आता परत येणार नव्हती. तेवढ्यात ताई आल्या. तांब्या हातात घेऊन त्यांनी फिरवून पाहिला, खाली ठेवला आणि खडूंचा डबा उघडलाच नाही. मालनबाईंचा चेहरा उतरला, तेव्हा ताईच त्यांना म्हणाल्या की घासलंय मात्र एक नंबर, माझ्या घरी या एकदा. मग माझ्याकडे वळल्या.

"काकू, तुमी वापरा हे. रोज यातूनच पाणी प्या. मग मला हाक मारा."

मला आधी ते बरं वाटलं नाही. ह्यांच्या वस्तूला आपण हात लावायचा, हेच जमत नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून तांब्या उशाशी आला. अडकित्ता माझ्या हातानं दाबला जात नाही, म्हणून सुपारी मालनबाई कातरू लागल्या, आणि निम्मी तिथेच खाऊ लागल्या. तांब्याला चिंच लावायची नाही, एवढीच त्यांना ताकीद होती. त्यांना ते लय जड गेलं. राग त्यांनी बाकीच्या भांड्यांवर काढला. तो सबंध हिवाळा माझ्या डाळीचं पातेलंसुद्धा आरशासारखं होतं.

संक्रांत झाल्यावर ताई पुन्हा आल्या. खिडकीशी बसून त्यांनी तांब्या उजेडात धरला.

"काकू, गळ्याला न्हाई, पोटाला चमक आलीय."

खरंच होतं. माझी बोटं आखडतात, म्हणून मी तांब्या दोन्ही तळव्यांत धरते. मी म्हटलं, मग हा त्यांचा राहिला नाही. ताई म्हणाल्या, "ते असते तर त्यांनी हा कुणाच्या उशाशी ठेवला असता? तुमच्याच की." आणि खडू उचलला.

संध्याकाळपर्यंत चित्र झालं. काळपट तांब्या, पोटाला दोन्हीकडून उजळलेला. शेजारी अडकित्ता, आणि मालनबाईंनी अर्धवट कातरलेली सुपारी. ताईंनी हात न धुताच तांब्यातून पाणी घेतलं. त्यांच्या निळ्या बोटांचा ठसा पितळेवर उमटला.

मालनबाई फडकं घेऊन दारात उभ्याच होत्या. "आता हे तरी पुसू का, बाई?"

"राहू द्या," मी म्हटलं.

चित्र आता काच लावून पलंगासमोर टांगलं आहे. सकाळी उठून मी आधी तांब्यातलं पाणी पिते, मग चित्राकडे पाहते, आणि त्या दोघींचे आभार मनातल्या मनात मानते.